गोचिडांसाठी आणलेली पाखरं

आमच्या बिल्डिंगला दोन लिफ्ट आहेत आणि मी जिन्यानं जाते. पहाटे पाचला दुसऱ्या मजल्यावरून खाली गोठ्यात, साडेसहाला दुधाची किटली घेऊन वर, दुपारी दोनला पुन्हा खाली, संध्याकाळी धारेला पुन्हा. एका वेळच्या छत्तीस पायऱ्या. सुरुवातीला लिफ्टनं जाऊन पाहिलं होतं. पण अंगाला शेणाचा वास असला की आतली माणसं श्वास रोखून वर बघत राहतात, आणि सातव्या मजल्यावरच्या माणसाला तेवढा वेळ श्वास रोखता येत नाही. मला त्यांची दया आली. माझ्या गुडघ्यांची कुणाला आली नाही, पण ते असो.

बिल्डिंग उभी आहे ती आमच्याच जमिनीवर. धायरीत त्याचं काही नवल नाही. जिथं आम्ही ज्वारी पेरली तिथं आता पार्किंगचे पिवळे पट्टे आहेत. अकरा वर्षांपूर्वी ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, हिंदुरावांनी, जमीन बिल्डरला दिली. त्यातून दोन फ्लॅट आले. एकात आम्ही दोघं राहतो, दुसऱ्यात भाडेकरू. मुलगा रणजित हिंजवडीला नोकरी करतो आणि तिकडंच राहतो. महिन्यातून एकदा येतो आणि "आई, किती थकलीस गं तू" असं म्हणून, जेवून जातो. करारातून ह्यांनी कंपाउंडच्या भिंतीला लागून तीन गुंठे तेवढे बाजूला ठेवले. त्यात दगडी भिंतींचा जुना गोठा आणि गोठ्यात एकच गाय, चांदी.

ती एकच कशी राहिली ते सांगते. जमीन गेली त्या वर्षी गुरंही विकली. सहा होती. व्यापाऱ्याचा टेम्पो भरला, मागची फळी लागली. मी रिकाम्या खुंट्याला धरून, पदरात तोंड घालून रडत उभी होते. तेवढ्यात ह्यांनी टेम्पो थांबवला, फळी काढायला लावली आणि एक कालवड खाली उतरवून घेतली. व्यापारी तोंडाला येईल ते बोलला. ह्यांनी ऐकून घेतलं आणि कालवडीचा कासरा आणून माझ्या हातात दिला. मी मनात म्हटलं, तुटला बिचाऱ्याचा जीव. बाप-आजापासूनची दावण, एका दिवसात मोकळी झालेली बघवली नसेल. मी डोळे पुसले आणि कालवड बांधली. तेव्हापासून पाचचा गजर माझ्या उशाशी आहे.

गोचीड ज्यानं काढली नाही त्याला तिचं महत्त्व कळायचं नाही. कानाच्या आत, शेपटीखाली, कासेला, मांडीच्या सांध्यात, जिथं कातडी मऊ तिथं ती डोकं रुतवून बसते आणि रक्त पिऊन तुरीच्या दाण्याएवढी फुगते. नुसती ओढली तर तोंड आत राहतं आणि तिथं जखम होते. चिमटीत धरून, जरा पिळून, बेतानं काढावी लागते. मग डब्यात टाकायची. पूर्वी डब्यात रॉकेल असायचं, आता रॉकेल कुठं मिळतं, म्हणून डिझेल. पावसाळा सरला की रोजच्या पन्नास-साठ निघतात. दुपारी दोन ते चार सगळी बिल्डिंग झोपलेली असते, आणि मी पाटावर बसून गाईच्या पोटाखाली वाकलेली असते. उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत.

मागच्या वर्षी चांदीला गोचीड ताप आला. खाणं सोडलं, रवंथ बंद झाला, उभी राहीना. गोठ्याच्या तुळईला सलाइनची बाटली टांगली आणि नऊ दिवस मी तिच्या मानेशी बसून काढले. वाचली. वाचली तेव्हा गुरांचे डॉक्टर मला म्हणाले, "मावशी, तुम्ही पुण्यवान." मी हसले. खरं सांगायचं तर सातव्या दिवशी माझ्या मनात आलं होतं, गेली तर सुटेल बिचारी. आणि कोण सुटेल ते मला नीट माहीत होतं. त्या विचाराची मला अजून लाज वाटते.

म्हणजे एवढंच, की मला गाय नको होती. कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखंही नव्हतं. शेतकऱ्याच्या घरातली बाई, गाय नको म्हणते! आणि सांगायचं कुणाला? ज्यानं चालता टेम्पो थांबवून ती उतरवून घेतली त्याला? मला काशी नको होती, रामेश्वर नको होतं. एकदा, एकच दिवस, सहा वाजेपर्यंत झोपायचं होतं.

ह्या वर्षी गणपती उठले आणि गोचीड पुन्हा वाढली. फवारणी केली, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं; आठ दिवस बरे गेले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एका सकाळी हे चहा पिताना म्हणाले, "लई जीव खातंय हे गोचीड. कायतरी सोक्षमोक्ष लावाय पायजे." मी कप खाली ठेवला. वाटलं, आज बोलणार हा माणूस. आज म्हणेल, देऊन टाकू.

ह्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"ह्ये बघ," म्हणाले. "गिनी कोंबडी. रणजितनं धाडलंय. परदेशात सोडत्यात रानात. गोचीड येचून खाती. औषध न्हाय, इंजेक्शन न्हाय."

व्हिडिओत करड्या रंगाची, अंगभर पांढरे ठिपके असलेली पाखरं हिरव्यागार कुरणातून ओळीनं पळत होती. टक्कल पडलेलं निळसर डोकं, गळ्याशी लाल लोंबतं कातडं. मी ते कुरण बघितलं. मग खिडकीतून खाली आमचे तीन गुंठे बघितले.

"गवत कुठं हाय आपल्याकडं?" मी विचारलं.

"गोचीड हाय का न्हाय?"

मी कप उचलला आणि विसळायला गेले. पाणी सोडून दोन मिनिटं नुसती उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

त्यानंतर तीन आठवडे घरात गिनी कोंबडीशिवाय विषय नव्हता. आणावी की न आणावी. किती आणाव्या. मांजर खाईल का. मुंगूस येईल का. हे रात्री जेवताना बोलायचे, सकाळी चारा आणून स्कूटर लावताना बोलायचे. मी हो म्हटलं तरी बोलायचे, नाही म्हटलं तरी बोलायचे. शेवटी डॉक्टरांना विचारलं. ते गोठ्यात आले, भिंतीच्या दगडांमधल्या फटीत त्यांनी काडी घालून बाहेर काढली. काडीला बारीक बारीक गोचिडांची पिल्लं चिकटली होती.

"काका, पाखरं गवतातली गोचीड खातील, गाईच्या पायावरची एखादी टिपतीलही," डॉक्टर म्हणाले. "पण तुमची गोचीड राहते इथं, फटीत. चोच जाणार नाही आत. भिंत लिंपा, चुना मारा. पाखरं आणायचीच असतील तर हौस म्हणून आणा. आणि आणली तर निदान सहा आठवडे कोंडून ठेवा. तोवर त्यांना घर कळत नाही."

"सहा आठवडं?" हे म्हणाले. "कोंबडीच हाय ती."

"कोंबडीसारखी दिसते," डॉक्टर म्हणाले आणि बॅग उचलून गेले.

सासवडला एक जण ही पाखरं पाळतो असं ह्यांना कुठून तरी कळलं होतं. एका सोमवारी गेले आणि सहा घेऊन आले, टीव्हीच्या खोक्यात, खोक्याला भोकं पाडून. स्वारगेटला बस बदलताना त्यातल्या एकीनं ओरडायला सुरुवात केली, मग बाकीच्या पाच जणींनी साथ दिली. वंगण न घातलेला रहाट ओढावा तसा तो आवाज. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, खोक्यात काय आहे?" हे म्हणाले, "कोंबड्या." तो म्हणाला, "आमच्याकडच्या कोंबड्या असं ओरडत नाहीत." शेजारची माणसं उठून पुढे गेली आणि धायरीपर्यंत ह्यांना आख्खं बाकडं मिळालं. हे सांगताना ह्यांना इतकं हसू येत होतं की मलाही आलं. कित्येक दिवसांनी.

मग तो फेऱ्यांचा प्रकार झाला, आणि पुढचं सगळं त्यातून झालं असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे नवी कोंबडी आणली की तिला चुलीभोवती तीन फेऱ्या देतात. मग तीन रात्री डालग्याखाली झाकायची आणि चौथ्या दिवशी दिवेलागणीला सोडायची. ती घर सोडत नाही. सासूबाईंनी जन्मभर असंच केलं आणि त्यांची एक कोंबडी कधी भरकटली नाही. त्यासाठी हे मंडईजवळच्या बुरुडाकडून मोठं डालगंसुद्धा घेऊन आले होते. पण चूल कुठं होती? चुलीच्या जागेवर आता बिल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर आहे. तेव्हा ह्यांनी खोकं उचललं आणि जिन्यानं वर, आमच्या स्वयंपाकघरात.

"अवो, ती गोठ्यात ऱ्हायची हायत," मी म्हटलं. "फेऱ्या हितं कशाला?"

"चूल जिथं, घर तिथं."

ओटा भिंतीला लागून, त्याच्याभोवती माणूस फिरणार कसा? ह्यांनी गॅसची शेगडी ओढून पुढं घेतली, पाखरू दोन्ही हातांत धरलं आणि शेगडीभोवती हात फिरवला. तीन वेळा. सहा पाखरं, अठरा फेऱ्या. चौथं पाखरू पोळपाटावर शिटलं. हे अगदी गंभीर होते, जसे काही नव्या सुनेचा गृहप्रवेश चालला आहे. मी पोळपाट घासला आणि काही बोलले नाही. आमच्या घरात न बोलण्याची सवय जुनी आहे.

तीन रात्री पाखरं गोठ्यात डालग्याखाली राहिली. चौथ्या दिवशी सूर्य मावळताना ह्यांनी डालगं उचललं.

पहिली पंधरा मिनिटं खरंच छान गेली. खोटं कशाला सांगू? सहाही जणी ओळीनं चांदीच्या पायांशी गेल्या. एकीनं मान वर केली आणि चांदीच्या मागच्या पायावरून टच्चकन गोचीड टिपली. मग दुसरीनं. चांदी डोळे अर्धे मिटून उभी राहिली. हे माझ्या पाटावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि असं हसू मी त्यांच्या तोंडावर रणजितच्या बारशाला शेवटचं पाहिलं होतं. मला म्हणाले, "बगितलंस? बगितलंस का?" मी म्हटलं, "बगितलं." आणि मनात म्हटलं, झालं. आता ही गाय अजून दहा वर्षं जगणार.

तेवढ्यात अंधारून आलं आणि पाखरांनी झोपायला उंच जागा शोधली. कोंबडी खुराड्यात शिरते. ही पंख फडफडवून उठली, भिंत ओलांडली, पार्किंगच्या पत्र्यावर बसली आणि तिथून थेट दुसऱ्या मजल्यावर, आमच्या गॅलरीच्या कठड्यावर. स्वयंपाकघराच्या बाहेर. सहाच्या सहा. आणि तिथून आरडायला लागली.

"घर कळलं त्यांना," मी ह्यांना म्हणाले.

पुढचे बारा दिवस मी ह्या जन्मात विसरणार नाही. पाखरं पहाटे गॅलरीतून उतरायची ती आमच्या तीन गुंठ्यांत नाही, सोसायटीच्या बागेत. तिथं हिरवळ आहे, किडे आहेत. त्यांचं तरी काय चुकलं? बागेतली गोचीड त्यांनी साफ केली असेल, चांदीच्या अंगावरची मी करत होते. बाग झाली की पार्किंग. तिथं गाडीच्या चकचकीत दारात त्यांना दुसरं पाखरू दिसायचं आणि ती त्याला टोचायची. तीन गाड्यांचा रंग गेला. एक पाखरू गेटबाहेर पडलं ते आलंच नाही. एक मांजरानं नेलं. राहिलेली चार हे संध्याकाळी हातात काठी घेऊन गोळा करत फिरायचे, अडुसष्टाव्या वर्षी, कंबरेला पट्टा लावून. मी वरून बघायचे. राग यायचा आणि दयाही यायची.

शेवटी रविवारी सकाळी अकराला पार्किंगमध्ये मीटिंग लागली. आम्हाला निरोप आला तेव्हा मी गोठ्यात होते. मीटिंग लांबली तर दुपारी काम व्हायचं नाही म्हणून सकाळीच गोचीड वेचायला बसले होते. तशीच गेले, हातात डबा घेऊन. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. हे पुढं बसले होते, गुन्हेगारासारखे. मी मागे खांबाशी उभी राहिले.

सेक्रेटरी अपूर्वा म्हणून मुलगी आहे, चौथ्या मजल्यावरची. घरूनच काम करते. तिचा कुत्रा तिनं मांडीवर घेतला होता.

"काका, मी पर्सनली काही म्हणत नाहीये," ती म्हणाली. "पण गेल्या महिन्यात माझ्या कोकोला टिक फीव्हर झाला. प्लेटलेट्स इतक्या डाऊन गेल्या की मला वाटलं तो जातोय. पाच दिवस मी झोपले नव्हते. आणि आता हे बर्ड्स. माझे सकाळी कॉल्स असतात. समोरचा विचारतो, तिकडे कोणी किंचाळतंय का?"

कुत्र्याची गोचीड वेगळी आणि गाईची वेगळी असं डॉक्टर म्हणतात. पण पाच दिवस झोपले नव्हते हे ती म्हणाली तेव्हा मला तिच्याबद्दल वाईट वाटलं. मला ते दिवस माहीत होते.

तळमजल्यावरचे आगाशे उठले. नारायण पेठेतून इथं राहायला आले आहेत, आणि पेठ सोडली तरी जीभ बरोबर आणली आहे. "पक्ष्यांबद्दल माझी तक्रार नाही," ते म्हणाले. "ह्या सोसायटीच्या मीटिंगला आजवर वेळेवर आलेले ते पहिले सभासद आहेत." खरंच, चारही पाखरं कुंड्यांमागून येऊन खुर्च्यांमधून चालली होती. कुत्रा भुंकला. पाखरं ओरडली. पाच मिनिटं कुणाचं कुणाला ऐकू येईना.

शांत झाल्यावर अपूर्वा म्हणाली, "पॉइंट हा आहे काका, की बर्ड्स तर जायलाच हवेत. पण प्रॉब्लेमचं मूळ गोठा आहे. आम्हाला कंप्लेंट करायची नाहीये कुठे. तुम्हीच सांगा, काय करायचं?"

हे उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

"पाखरं मी कोंडतो," म्हणाले. "पण गोठ्याचं म्हणाल तर, माझं काय न्हाय वो. मी थकलो आता. रोज वडगावातनं चारा आणतो, स्कूटर उचलत न्हाय मला. मी कवाच मोडला आसता गोठा. पर आमच्या हिचा जीव हाय त्या गाईवर. गुरं इकली तवा खुंट्याला धरून रडली ती. मी बगितलंय. तिच्यासाठनं उतरवून घेतली मी कालवड. आता म्हातारपणी तिच्यापास्नं कशी नेऊ? ही पाखरं बी त्याच्यासाठीच आणली. म्हटलं, हिचं गोचीड येचायचं तरी वाचंल. बोटं वाकडी झाली तिची."

मी खांबाला टेकले. डब्यात डिझेल होतं आणि त्यात सकाळच्या चाळीसेक गोचिडा. मी त्यांच्याकडे बघत राहिले. अकरा वर्षं. दिवसाच्या दोनशेवर पायऱ्या. मला वाटायचं मी ह्या माणसाच्या जिवासाठी चढते-उतरते, आणि हा माणूस पट्टा आवळून माझ्यासाठी चारा ओढत होता. आधी माया यायला हवी होती. आला तो राग. असा राग मला लग्न झाल्यापासून आला नव्हता.

"मला नको हाय गाय," मी म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"कवाच नको व्हती," मी म्हणाले, ह्या खेपेला मोठ्यानं. "कुणी इचारलं मला? एकदा तरी इचारलं?"

ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. आगाशे आपली खुर्ची उचलून माझ्यापाशी घेऊन आले, खाली ठेवली आणि म्हणाले, "बसा तुम्ही." त्यात टोमणा नव्हता. मी बसले. अपूर्वानं मान खाली घातली आणि कुत्र्याच्या कानामागं खाजवत राहिली. मीटिंग तिथंच संपली असावी, कारण थोड्या वेळानं बघितलं तर खुर्च्या रिकाम्या होत्या.

आम्ही वर आलो. लिफ्टनं. ह्यांनीच बटण दाबलं. स्वयंपाकघरात येऊन मी दूध तापत ठेवलं. हे ओट्याला टेकून उभे राहिले, त्या शेगडीपाशी.

"मंग रडलीस का तवा?" ह्यांनी विचारलं.

"सुटले म्हणून," मी म्हणाले. "तीस वर्षांची कंबर मोकळी झाली म्हणून रडत व्हते. आणि तुमी कासरा आणून हातात दिला."

हे खाली बसले. फरशीवरच, ओट्याला पाठ लावून. मग म्हणाले, "मला बी पाचला उठवत न्हाय गं." आणि रडायला लागले. मी त्यांच्या शेजारी बसले. गुडघे वाजले. आम्ही दोघं म्हातारी माणसं तशीच फरशीवर बसून राहिलो आणि दूध उतू गेलेलं आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

चांदीला विकायचं नाही एवढं ठरलं. ह्यांची बहीण, सोजरबाई, पानशेतच्या अलीकडे राहते. तिच्याकडे सहा गुरं आहेत, डोंगराला गवत आहे, दोन सुना आहेत. ती फोनवर म्हणाली, "आजच आणा." आम्ही गुरुवारी नेली.

टेम्पो गोठ्यापाशी लागला. चांदी चढेना. मी पुढं झाले, मानेखाली हात घातला, तशी चढली. फळी लागली. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत तिच्या अंगावरची अशी एक जागा नव्हती जिथं माझं बोट फिरलं नव्हतं. नको असलेल्या जिवावरसुद्धा माणसाचा जीव जडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डोळे भरून आले. पण मी ओठ दाबला, वर बिल्डिंगच्या टाकीकडे बघितलं आणि एक थेंब खाली पडू दिला नाही. हे माझ्याकडंच बघत होते, फळीवर हात ठेवून. ह्या माणसाचा काय भरवसा, पुन्हा उतरवून घेतली असती.

"जाऊ द्या," मी म्हणाले. टेम्पो गेला.

गोठ्याच्या भिंती ह्यांनी स्वतः लिंपल्या. फटी बुजवल्या, चुना मारला, दाराला आणि खिडकीला जाळी बसवली. आत चारही पाखरं कोंडली. आगाशे एकदा जाळीतून बघून गेले आणि म्हणाले, "सहा आठवड्यांची कैद? आम्हाला पुण्यात रुळायला तीन पिढ्या लागल्या." आवाज भिंतींआड बराच कमी झाला. अपूर्वाची तक्रार पुन्हा आली नाही. एकदा लिफ्टमध्ये भेटली तेव्हा तिनं माझी बोटं बघितली आणि कुठल्याशा मलमाचं नाव लिहून दिलं.

चांदी गेल्यावर चौथ्या दिवशीची गोष्ट. गजर मी बंद केला होता, पण डोळे पाचलाच उघडले. अकरा वर्षांची सवय चार दिवसांत जात नाही. शेजारी हे उठून बसले होते आणि अंधारात टोपी चाचपत होते.

"कुठं निघालात?"

"पाखरांस्नी दाणं टाकून येतो."

"ती कशाला ठेवलीत आता?" मी विचारलं. "गाय न्हाय, गोचीड न्हाय. सासवडच्या माणसाला परत द्यायची."

ह्यांना टोपी सापडली. मला वाटलं, आता म्हणतील, रणजितनं सुचवलं होतं, त्याला वाईट वाटंल. नाहीतर म्हणतील, तुला करमायचं नाही, तुझ्यासाठी ठेवलीत. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"मला आवडत्यात," हे म्हणाले.

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. ह्या माणसानं मला अमुक आवडतं असं कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. भाजीचंसुद्धा नाही. मी अंधारात त्यांच्याकडे बघत राहिले.

"मला न्हाय आवडत," मी म्हणाले.

"बरं," हे म्हणाले, आणि टोपी घालून एकटेच खाली गेले. मी पांघरूण डोक्यावर ओढलं. खाली पाखरं ओरडायला लागली, आणि मी झोपले.